नव्याचे नऊ दिवस, त्वचेचे अठ्ठावीस

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तीन महिन्यांत तुम्ही दोन सीरम, एक फेसवॉश, एक सनस्क्रीन, एक शाम्पू आणि बाथरूमसाठी दोन क्लीनर असा सगळा नवा संसार मांडलात. पहिले काही दिवस चेहरा छान वाटला. मग गालांवर बारीक पुरळ आलं, आता पापण्या खाजतात, केस गळतात आणि नळावरचे पांढरे डाग मात्र जिथल्या तिथे आहेत. यातलं काय ठेवायचं, काय फेकायचं, आणि पुढच्या वेळी नवी वस्तू घरच्या घरी नीट तपासायची कशी, असं तुम्ही विचारलंय.

मी २२ वर्षं रोजच्या वापरातली उत्पादनं तपासायचं काम करते. आधी प्रयोगशाळेत टाइल्स आणि कापडाचे तुकडे घासले, मग माणसांच्या हातांवर, चेहऱ्यांवर क्रीम लावून मापं घेतली. तरीही तुमच्या सात वस्तूंपैकी गुन्हेगार कोण हे मला सांगता येणार नाही, कारण सगळ्या जवळजवळ एकदम सुरू झाल्या. अशा वेळी आपला राग निघतो तो सगळ्यात उग्र वासाच्या बाटलीवर, आणि चोर सोडून संन्याशाला सुळी होते.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट आहे. टेबलावर आठ पांढऱ्या टाइल्स होत्या. त्यांवर आम्हीच मुद्दाम साबणाचा थर चढवून वाळवला होता. तीन क्लीनर, प्रत्येकाला दोन टाइल्स. उरलेल्या दोन साध्या पाण्यासाठी ठेव, असं वरिष्ठ बाईंनी सांगितलं. मला तो वेळ घालवणं वाटलं. पाण्यानं असला थर निघत नाही हे सांगायला प्रयोगशाळा कशाला हवी? मी प्रत्येक टाइल ओल्या स्पंजनं मोजून वीस वेळा घासली, धुतली, वाळवली आणि खिडकीपाशी ओळीनं मांडली. पाण्याच्या टाइल्स आणि दोन क्लीनरच्या टाइल्स यांत मला काही फरक सांगता येईना. बाईंनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "हा तुझ्या मनगटाचा रिपोर्ट झाला. आता न घासता कर." दुसऱ्या दिवशी नवे थर, तेच क्लीनर, दहा मिनिटं नुसतं लावून ठेवायचं आणि धुवायचं. पाण्याच्या टाइल्स तशाच दुधाळ राहिल्या. तीनपैकी एकाच क्लीनरच्या टाइल्स लखलखीत निघाल्या. तो आम्लाचा होता.

पुढे कळलं की हर्बर्ट सिनर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञानं १९५९मध्येच हे एका वर्तुळात मांडून ठेवलंय. साफसफाईचे चार वाटेकरी: रसायन, घासणं, उष्णता आणि वेळ. एकाचा वाटा कमी केला की दुसऱ्याचा वाढवावा लागतो. आपण घरी बाटली बदलतो, पण त्याच दिवशी नव्या उत्साहानं दुप्पट घासतो, गरम पाणी घेतो, आणि श्रेय जातं बाटलीला. तेव्हापासून कुठलीही नवी वस्तू हातात घेतली की मी आधी विचारते, इथे पाण्याची टाइल कुठली?

चेहऱ्यावर पाण्याची टाइल म्हणजे चेहऱ्याचीच दुसरी बाजू. सीरम फक्त डाव्या गालाला लावा आणि उजव्या गालाचं आधी होतं तेच चालू ठेवा. आरशात विचित्र वाटेल, पण याच्याइतकी प्रामाणिक चाचणी घरात दुसरी नाही. त्याच हवेत, त्याच झोपेत, त्याच पाळीच्या चक्रात दोन्ही गाल राहतात. फरक फक्त त्या चार थेंबांचा. महिन्याभरानं घरातल्या कुणालातरी विचारा, कुठला गाल बरा दिसतो? कुठल्या बाजूला काय लावलंय हे त्यांना सांगू नका. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळा उत्तर येतं, "दोन्ही सारखेच तर आहेत."

हे एवढं करायचं कारण पहिल्या आठवड्याचा अनुभव फसवा असतो. कुठल्याही बऱ्या क्रीममध्ये पाणी, ग्लिसरीन आणि थोडा स्निग्धांश असतोच. ते वरच्या कोरड्या पेशींच्या फटी भरतात आणि तासाभरात चेहरा गुळगुळीत, किंचित फुगीर, चकचकीत दिसतो. बाटलीवर ज्या खास घटकाचं नाव मोठ्या अक्षरात असतं त्याचा यात काही हात असेलच असं नाही. म्हणूनच चांगल्या चाचणीत एका गटाला हुबेहूब तेच क्रीम देतात, फक्त खास घटक काढून. त्याला आम्ही 'व्हेइकल' म्हणतो, आणि हे बिचारं व्हेइकल कित्येकदा इतकं बरं काम करतं की खास घटकाला स्वतःचं वेगळं काही दाखवताना घाम फुटतो.

दुसरी फसगत तुमच्या खरेदीच्या वेळेत आहे. मुरुमांवरचं काही आपण कधी आणतो? चेहरा सगळ्यात बिघडलेला असतो तेव्हा. मुरुमांना भरती-ओहोटी असते. भरतीच्या टोकाला काहीही लावलं, अगदी काहीच लावलं नाही, तरी पुढे ओहोटीच यायची असते. नेमकी तेव्हा जी बाटली हातात असते ती 'लागू पडली' म्हणून मिरवते.

आणि वेळ. पी हळद अन् हो गोरी असं त्वचेचं नसतं. सगळ्यात वरचा थर तळाशी जन्मून वर येऊन गळून पडायला तरुण त्वचेला साधारण २८ दिवस लागतात, वय वाढलं की आणखी जास्त. त्यामुळे मॉइश्चरायझरचा निकाल काही दिवसांत लागतो. मुरुमांच्या उपायाला मात्र ८ ते १२ आठवडे द्यावे लागतात आणि काळपट डागांना त्याहून कमी पुरत नाहीत. रेटिनॉल, म्हणजे व्हिटॅमिन एचं एक रूप, तर पहिल्या काही आठवड्यांत कोरडेपणा, सालपटं आणि लाली देऊनच पुढे जातं. नव्याचे नऊ दिवस संपले की आपण कंटाळतो आणि दुसरी बाटली उघडतो. म्हणजे ज्या घटकाला तीन महिने हवे होते त्याला तीन आठवडे मिळतात, आणि जे क्रीम तासाभरात गुळगुळीत करतं तेच दर वेळी जिंकतं.

फोटो काढायचे तर त्यातही शिस्त लागते. आमच्याकडे माप घ्यायच्या खोलीचं तापमान २० ते २२ अंश सेल्सियस ठेवलेलं असतं. माणूस आला की चेहरा धुऊन वीस-तीस मिनिटं नुसता बसवून ठेवायचा, मगच यंत्र लावायचं. जिना चढून आलेल्या माणसाच्या त्वचेतला ओलावा आणि शांत बसलेल्याचा, यांत एवढी तफावत येते की क्रीमचा परिणाम त्यात बुडून जातो. घरी एवढं पुरे: तीच खिडकी, तोच तास, धुतल्यावर अर्ध्या तासानं, काही न लावता, फोनचं 'ब्यूटी'वालं बटण बंद. हे शेवटचं सांगायची गरज नसावी, पण एकदा एका सहभागी बाईंनी महिन्याभराचे फोटो आणून दिले आणि पहिल्या दिवसापासूनच चेहऱ्यावर एकही छिद्र नव्हतं.

दोन क्रीमपैकी कुठलं चांगलं असा प्रश्न असेल तर घरातल्या माणसाला दोन सारख्या डब्यांत ती भरायला सांगा, वर 'क' आणि 'ख' लिहून. उत्तर त्याच्याकडे. तुम्ही तीन आठवडे एका गालाला क, दुसऱ्याला ख लावा. डबी, रंग, नाव, वजनदार काचेची बाटली हे सगळं काढून टाकल्यावर आवडीनिवडी कशा उलट्यापालट्या होतात ते बघायला मजा येते. मी स्वतः एकदा माझ्या सगळ्यात लाडक्या क्रीमला दुसरा नंबर दिला होता. त्यानंतर दोन दिवस माझा मूड खराब होता.

आता पुरळ आणि पापण्या. इथे मात्र गंमत बाजूला.

पॅच टेस्ट केली होती असं तुम्ही म्हणता. कानामागे लावून दहा मिनिटं पाहिलं. त्यातून चुणचुण कळते, अ‍ॅलर्जी कळत नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. चुणचुण, जळजळ म्हणजे त्या वस्तूनं त्वचेला थेट दुखावलं. ती लगेच होते, लावलं तेवढ्यापुरती राहते आणि धुतली की उतरते. संपर्कातून येणारी अ‍ॅलर्जी हे रोगप्रतिकारक पेशींचं काम आहे आणि त्या सावकाश गोळा होतात. खाज, बारीक पुटकुळ्या, लाली एक ते तीन दिवसांनी येते, कधी लावलेल्या जागेच्या बाहेर पसरते आणि वस्तू बंद केल्यावरही बरेच दिवस रेंगाळते. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या लावून ४८ तास ठेवतात आणि काढल्यावर पुन्हा तिसऱ्या-चौथ्या दिवशी बघतात ते याचसाठी. योसेफ याडासोन या डॉक्टरनं १८९५मध्ये मांडलेली ही पद्धत. मूळ कल्पना अजून तीच आहे.

घरी करायची ती याची साधी बहीण. कोपराच्या आतल्या बाजूला, घडीच्या जरा खाली, पेनानं मोठ्या नाण्याएवढं वर्तुळ काढा. दिवसातून दोनदा तिथे क्रीम लावा, वर पट्टी वगैरे काही नको. सात दिवस, जमलं तर दहा. दुसऱ्या हातावर तसंच वर्तुळ काढून ते रिकामं ठेवा. पेनाची शाईच खाजवते की काय हे कळायला. सहाव्या दिवशी वर्तुळाच्या आत घामोळ्यासारखे दाणे उठले आणि खाज आली तर निकाल लागला, चेहऱ्यापर्यंत न्यायची गरज नाही. काही आलं नाही तरी पूर्ण अभय नाही, कारण पापणीची त्वचा हाताच्या त्वचेपेक्षा कितीतरी पातळ असते. म्हणून पुढची पायरी जबड्याच्या कडेला, तीन दिवस, आणि मग गाल.

धुऊन टाकायच्या वस्तू असल्या चाचणीत वर्तुळात ठेवून देऊ नका. फेसवॉश किंवा शाम्पू त्वचेवर दिवसभर राहिला तर तो कुणालाही बोचेल. आमच्याकडे मुद्दाम त्वचा चिडवायची असते तेव्हा आम्ही सोडियम लॉरिल सल्फेट हे फेस आणणारं द्रव्यच तर पट्टीखाली ठेवतो. फेसवॉश जसा वापरायचा तसाच वापरून तपासायचा: फेस करून, अर्धा मिनिट, धुऊन. आणि घर साफ करायचे क्लीनर त्वचेवर तपासायचेच नाहीत. ही सूचना मी विनाकारण लिहीत नाहीये.

"पण हे तर मी वर्षानुवर्षं वापरतेय, त्यानं कसं होईल?" हे वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलंय. होतं. पहिल्या संपर्कात शरीर फक्त ओळख करून घेतं. निदान दहा-बारा दिवस त्यात जातात, काही वेळा वर्षं. एकदा ओळख पटली की मग प्रत्येक भेटीत भांडण. म्हणून जुन्या वस्तूंना सरसकट निर्दोष सोडता येत नाही.

मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे लांबलचक नाव लक्षात ठेवा, किंवा निदान फोनमध्ये लिहून ठेवा. हे एक संरक्षक द्रव्य आहे, पाण्याच्या उत्पादनात जंतू वाढू नयेत म्हणून घालतात. २००५ साली युरोपीय संघानं ते सौंदर्यप्रसाधनांत एकट्यानं वापरायला परवानगी दिली, कमाल ०.०१%. ओल्या टिश्यूपासून क्रीमपर्यंत सगळीकडे ते गेलं आणि काही वर्षांतच त्वचारोगतज्ज्ञांकडे खाजऱ्या चेहऱ्यांची रीघ लागली. अमेरिकेतल्या संपर्क-त्वचारोगांच्या तज्ज्ञ संघटनेनं २०१३साठी त्याला 'वर्षाचा अ‍ॅलर्जन' ठरवलं. २०१७पासून युरोपात ते त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांत बंद झालं आणि २०१८पासून धुऊन टाकायच्या वस्तूंत मर्यादा ०.००१५%वर आणली गेली. पण घराच्या क्लीनरमध्ये, भांड्यांच्या लिक्विडमध्ये, पाण्यात मिसळायच्या भिंतीच्या रंगांतही ते सापडतं. क्रीममुळे ज्याला त्याची अ‍ॅलर्जी झाली, त्याचे हात पुढे फरशीच्या क्लीनरनं खाजतात. आणि नुकत्याच रंगवलेल्या खोलीत बसूनही काहींचा चेहरा उठतो. तुम्ही चेहऱ्याच्या बाटल्या एका कपाटात आणि बाथरूमच्या दुसऱ्या कपाटात ठेवता. त्वचेला ही दोन कपाटं माहीत नाहीत. तेव्हा सातही बाटल्यांची मागची बाजू वाचा आणि दोन-तीन ठिकाणी तेच नाव येतंय का ते पाहा.

सुगंधाचंही असंच. लिनालूल आणि लिमोनीन ही बहुतेक सुगंधी वस्तूंत असतात. ताजी असताना ती फारशी त्रास देत नाहीत, पण हवा लागून लागून त्यांची जी रूपं तयार होतात ती अ‍ॅलर्जी आणायला तरबेज असतात. म्हणजे अर्धी संपलेली, दोन वर्षं उघडी असलेली बाटली नव्या बाटलीपेक्षा वाईट वागू शकते. 'नैसर्गिक' लिहिलेल्या वस्तूत ही दोन हमखास सापडतात, कारण ती फुलापानांच्या तेलांतूनच येतात.

पापण्यांबद्दल आणखी एक सांगते, कारण तिथे सगळे डोळ्यांच्या क्रीमवर संशय घेतात. खाजऱ्या पापण्यांचा गुन्हेगार बऱ्याचदा पापणीवर लावलेलाच नसतो. नखांना लावलेल्या पॉलिशमधल्या राळेची अ‍ॅलर्जी बोटांवर दिसतच नाही, कारण नख जाड आणि मेलेलं. तेच बोट डोळा चोळतं आणि पापणी सुजते. केसांचा रंग, शाम्पूचा ओघळ, हातमोजे न घालता क्लीनर वापरून मग कपाळावरचा घाम पुसणं, हे सगळे तिथेच पोचतात. त्या तीन महिन्यांत नखांचं काही नवीन केलं होतं का, हे एकदा आठवून बघा. जेल पॉलिश असेल तर विशेष. नीट न वाळलेला जेल त्वचेला लागला की त्यातल्या अ‍ॅक्रिलेट या रसायनाची अ‍ॅलर्जी होते आणि ती सहसा जन्मभर सोडत नाही.

केस. इथे मी शाम्पूचं वकीलपत्र घेते. केस मोठ्या संख्येनं गळायला लागतात ते धक्का बसल्यावर साधारण दोन-तीन महिन्यांनी: मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, झपाट्यानं उतरवलेलं वजन. मुळं विश्रांतीत जातात, केस तसाच अडकून राहतो आणि महिन्यांनंतर आंघोळीत हातात येतो. त्या दिवशी जो शाम्पू हातात असतो त्याच्या माथी खापर. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ. टाळूवर खाज, कोंडा, लाली असेल तर शाम्पूचा विचार करा; नुसतेच मुळापासून गळत असतील तर तीन महिने मागे जाऊन आठवा. चकत्या पडत असतील तर थेट डॉक्टरांकडे जा. आणि 'केस दुरुस्त करणारं' वगैरे वाचून हुरळू नका. डोक्याबाहेरचा केस मेलेला असतो. कंडिशनर त्यावर अस्तर चढवतो, विंचरताना तुटणं कमी करतो, ते काम खरं आहे आणि तेवढंच आहे.

लेबलबद्दल थोडं. घटकांची यादी जास्तीकडून कमीकडे असते, पण फक्त १%पर्यंत; त्याखालचे कसेही लिहिले तरी चालतात. ती रेषा कुठे आहे हे ओळखायची एक युक्ती आहे: फिनॉक्सिइथेनॉल शोधा. या संरक्षकाची युरोपातली कमाल मर्यादा १% आहे आणि बहुतेक उत्पादक ती पाळतात. तुम्ही ज्या अर्कासाठी बाटली घेतली तो त्याच्या नंतर आला असेल, तर तो १%पेक्षा कमीच आहे असं धरून चाला. काही घटकांना तेवढं पुरतं, रेटिनॉलला पुरतं; नायसिनामाइडला (व्हिटॅमिन बी३चं एक रूप) नाही. 'हायपोअ‍ॅलर्जेनिक' या शब्दाला अमेरिकेच्या कायद्यात व्याख्याच नाही. 'त्वचातज्ज्ञांनी तपासलेलं' म्हणजे तपासलंय. निकाल काय लागला ते बाटलीवर नसतं. 'वापरणाऱ्यांपैकी इतक्यांना त्वचा मऊ वाटली' हे वाचलं की माझी पाण्याची टाइल विचारा: कशाच्या तुलनेत? बहुतेक वेळा कशाच्याच नाही.

सनस्क्रीन घरी तपासता येत नाही. 'मी लावून उन्हात गेले आणि काळी पडले नाही' ही चाचणी करू नका. एसपीएफचा, म्हणजे उन्हापासून किती बचाव होतो त्याचा, आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढ्या जाड थरानं काढतात. माणसं प्रत्यक्षात त्याच्या निम्मा किंवा त्याहून कमी थर देतात आणि मग बाटलीवरचा आकडा त्यांना मिळत नाही. तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून तळापर्यंत दोन रेघा ओढल्या की चेहरा-मानेपुरतं होतं. घरी तपासायचं ते एवढंच: या मापानं लावल्यावर चिकट, पांढरट, डोळ्यांत झोंबणारं वाटतं का? वाटत असेल तर तुम्ही ते कमी लावणार, आणि मग आकडा कितीही असो.

आता तुमचा नळ. ते पांढरे डाग म्हणजे पाण्यातला चुना, कॅल्शियम कार्बोनेट. तुमचे दोन्ही क्लीनर, वर्णनावरून, फेसाळ आणि सुगंधी आहेत; ते तेलकटपणा आणि मळ सोडवतात, दगड नाही. चुन्याला आम्ल लागतं आणि आम्लाला वेळ. सायट्रिक आम्लाचं पातळ द्रावण किंवा साधं व्हिनेगर टिश्यूला लावून तो नळाभोवती गुंडाळा, पंधरा-वीस मिनिटं राहू द्या, मऊ फडक्यानं पुसा, भरपूर पाण्यानं धुवा. रात्रभर ठेवू नका, नळाचा मुलामा काळवंडतो. पाण्याची टाइल हवी असेल तर दुसऱ्या नळाला नुसत्या ओल्या टिश्यूनं तेवढाच वेळ गुंडाळून बघा.

पण नळाखाली संगमरवर असेल तर थांबा. संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटच आहे. आम्लाला डाग आणि दगड यांतला भेद कळत नाही. माझ्या स्वतःच्या घरात बेसिनशेजारी एक फिकट, खरखरीत गोल आहे, बाटलीच्या बुडाच्या मापाचा. आम्लाच्या क्लीनरची बाटली बाहेरून ओली होती, फोन वाजला, मी ती तिथे टेकवली आणि बोलत बसले. परत आले तेव्हा दगडाची चकाकी गेली होती. बोट फिरवलं की अजून कळतं. तेव्हापासून नवा क्लीनर आधी कपाटामागच्या कोपऱ्यात, दहा मिनिटं, मग धुऊन आणि वाळवून बघायचा. ओला असताना सगळंच चकचकीत दिसतं.

व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून जो फेस येतो तो बघायला छान आहे. आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि खाली उरतं ते सोडियम अ‍ॅसिटेटचं बिनकामाचं पाणी. दोन्ही वेगवेगळे वापरले तर कामाचे: सोडा हलक्या घासणीसारखा, व्हिनेगर चुन्यावर. फेसाचा आणि स्वच्छतेचा संबंध एकूणच कमी आहे. फ्रंट लोड मशीनसाठीची पावडर मुद्दाम कमी फेसाची बनवतात. पांढरे कपडे 'जास्त पांढरे' दिसतात तेही बऱ्याचदा मळ निघाल्यामुळे नव्हे, पावडरीतल्या चमकद्रव्यामुळे. ते अतिनील प्रकाश शोषून निळसर प्रकाश सोडतं.

ब्लीचशी खेळ नको. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो; ब्लीच आणि अमोनिया एकत्र आला की क्लोरामाइन. बाथरूम लहान, दार बंद, आणि आपण वाकून घासतोय. तुमच्या दोन क्लीनरपैकी एक ब्लीचचा निघाला आणि आता तुम्ही आम्लाचा तिसरा आणणार असाल, तर ते एकाच दिवशी, एकाच फरशीवर, एकाच बादलीत कधीही नाही. आधीचा धुऊन गेला असेल असा अंदाज बांधूनही नाही. कमोडमध्ये टाकून ठेवलेली गोळीही यात मोजायची. तिच्यात क्लोरीन सोडणारं द्रव्य असू शकतं.

जंतुनाशकावर 'इतकी मिनिटं ओलं राहू द्या' असं लिहिलेलं असतं, ते वाचून तेवढी मिनिटं खरंच थांबणारं माणूस मला क्वचित भेटलं. फवारलं आणि लगेच पुसलं तर जंतू बरेचसे फडक्यावर जातात, मरत नाहीत. आणि मळकट पृष्ठभागावर आधी साधी धुलाई. मळाखालच्या जंतूंपर्यंत औषध पोचत नाही.

आता आज काय करायचं ते. दोन्ही सीरम, फेसवॉश, शाम्पू सगळं बंद. जुनं, बिनवासाचं, तुम्हाला पूर्वी कधी त्रास न दिलेलं मॉइश्चरायझर आणि चेहरा धुवायला अगदी सौम्य काहीतरी, बस. साबणाची वडी नको; तिचा पीएच ९-१० असतो आणि त्वचेचा ५च्या आसपास, चिडलेल्या त्वचेला ते झेपत नाही. नवं सनस्क्रीनही बंद; आधीचं, त्रास न दिलेलं घरात असेल तर ते लावा, नसेल तर काही दिवस टोपी आणि सावली. साफसफाई करताना हातमोजे. बाटल्या मात्र फेकू नका, मागची यादी डॉक्टरांना लागेल. दोन आठवड्यांत पापण्या शांत झाल्या नाहीत तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन खरी पॅच टेस्ट करून घ्या, सातही बाटल्यांसकट. ओठ किंवा चेहरा सुजायला लागला, श्वास लागला, तर यातलं काहीही न करता लगेच दवाखाना.

चेहरा शांत झाल्यावर दोन आठवडे काही करू नका. हे सगळ्यात अवघड जातं. मग कोपराच्या वर्तुळातून पास झालेली एकेक वस्तू, दोनांमध्ये निदान तीन आठवडे. आधी सनस्क्रीन, कारण ते रोज लागतं. मग फेसवॉश. मग एक सीरम, एका गालाला. कॅलेंडरवर तारीख लिहा, 'आज सुरू' एवढंच. दुसऱ्या सीरमची पाळी येईपर्यंत बरेच महिने जातील. तोवर बाटलीवरचं उघड्या डबीचं चित्र बघा, त्यात '६एम' लिहिलं असेल तर उघडल्यापासून सहाच महिने. ते व्हिटॅमिन सीचं असेल आणि पिवळ्याचं तपकिरी झालं असेल, तर त्याची पाळी येऊच देऊ नका.